मजूर पक्षाचे हुजूर : स्टार्मर सरकारचे पहिले महिने आणि ब्रिटिश जनतेचा भ्रमनिरास

५ जुलै २०२४ रोजी मजूर पक्षाचे नेते सर कीर स्टार्मर ब्रिटनचे पंतप्रधान झाले. हुजूर पक्षाच्या चौदा वर्षांच्या राजवटीने तेथील जनता जेरीस आली होती. सार्वजनिक रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या ७५ लाखांच्या पुढे गेल्या होत्या. गॅस-विजेच्या बिलांनी कष्टकऱ्यांचे कंबरडे मोडले होते. मतदारांनी हुजूर पक्षाला अवघ्या १२१ जागांवर आणून बसविले, आणि ६५० सभासदांच्या सभागृहात ४११ जागा मिळवून मजूर पक्ष सत्तेवर आला. त्याच्या जाहीरनाम्याच्या माथ्यावर एकच शब्द होता : बदल.

आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे पाच महिनेही पुरे होण्याच्या आत, "निवडणूक पुन्हा घ्या" अशी मागणी करणाऱ्या एका अर्जावर वीस लाखांहून अधिक सह्या झाल्या. जनमताच्या चाचण्यांत पंतप्रधानांवर संतुष्ट असणाऱ्यांपेक्षा असंतुष्टांची संख्या बरीच वाढली होती. एवढ्या प्रचंड बहुमताचे सरकार एवढ्या थोड्या अवधीत लोकांच्या मनातून असे उतरावे, याचा अर्थ काय?

भांडवलदारी वृत्तपत्रांनी याची तीन उत्तरे दिली. पहिले उत्तर असे की, सरकारला तिजोरीच रिकामी मिळाली, त्याला बिचारे काय करणार! दुसरे असे की, निर्णय योग्यच होते, ते लोकांना नीट समजावून सांगितले गेले नाहीत. तिसरे असे की, स्टार्मर हा सज्जन पण रुक्ष वकील आहे, त्याला राजकारणाची नाडी सापडत नाही. तिन्ही उत्तरांत एक साम्य आहे. या सरकारने सत्तेवर येताच पहिले बिल कोणाच्या नावावर फाडले, हा प्रश्न त्यांतले एकही उत्तर विचारीत नाही. आणि सारी गोम तर तेथेच आहे.

भरघोस जागा, तुटपुंजी मते

प्रथम त्या तथाकथित महाविजयाचे स्वरूप पाहू. मजूर पक्षाला २०२४ साली सुमारे ९७ लाख मते पडली, टक्केवारी ३३.७. जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली २०१७ साली याच पक्षाला ४० टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी २९ लाख मते मिळाली होती. इतकेच नव्हे, तर २०१९ सालच्या ज्या पराभवाचे खापर डाव्यांच्या माथी फोडण्यात आले, त्या वर्षीची १ कोटी २ लाखांहून अधिक मतेदेखील या "महाविजया"पेक्षा जास्तच होती. २०२४ साली मतदानच मुळी साठ टक्क्यांच्या आसपास झाले. म्हणजे दर पाच नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम एकाने मजूर पक्षाला मत दिले. हुजूर पक्षाची मते रिफॉर्म पक्षाने फोडली आणि एकेका मतदारसंघात एकच उमेदवार निवडण्याच्या पद्धतीने मजूर पक्षाच्या पदरात जागांचे माप भरभरून पडले. लोकांनी हुजूर पक्षाला हाकलले होते. स्टार्मर यांना डोक्यावर घेतले नव्हते.

आणि त्यांना डोक्यावर घ्यावे तरी कशासाठी? २०२० साली पक्षाचे नेतेपद मिळविताना याच गृहस्थांनी सभासदांना दहा वचने दिली होती. सर्वांत श्रीमंत पाच टक्के लोकांचा प्राप्तिकर वाढवू. रेल्वे, टपाल, वीज आणि पाणी समाजाच्या मालकीचे करू. विद्यापीठांची फी रद्द करू, अशी ती वचने. नेतेपद हाती आले आणि रेल्वेखेरीज बाकीची वचने एकामागून एक अडगळीत गेली. फी रद्द होणे राहोच. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लंडातील विद्यार्थ्यांची वार्षिक फी ९,२५० पौंडांवरून ९,५३५ पौंडांवर नेण्याची घोषणा याच सरकारने केली. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात कंपन्यांना मात्र अभय होते : त्यांच्या नफ्यावरील कर २५ टक्क्यांच्या वर जाणार नाही. गरिबांना "बदल" हा मोघम शब्द आणि भांडवलदारांना आकड्यासकट हमी, असा तो जाहीरनामा होता.

पहिले बिल कोणाच्या नावावर?

आता सत्तेवरील पहिल्या शंभर दिवसांतील तारखा क्रमाने ठेवून पाहा.

२३ जुलै २०२४. हुजूर सरकारने २०१७ सालापासून असा नियम लागू केला होता की, गरीब कुटुंबाला तिसऱ्या आणि त्यापुढील मुलासाठी सरकारी साहाय्य मिळणार नाही. सुमारे सोळा लाख मुले या नियमाच्या कुटुंबांत वाढत होती. तो रद्द करावा अशी दुरुस्ती पार्लमेंटात आली. मजूर पक्षाच्या सात खासदारांनी तिला मत दिले; त्यांत जॉन मॅक्डॉनेल होते, झारा सुलताना होत्या. सरकार सत्तेवर येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्या सातही जणांना संसदीय पक्षातून सहा महिन्यांसाठी निलंबित करण्यात आले. मजूर पक्षाच्या नव्या राजवटीतील पहिली शिस्तभंगाची कारवाई झाली ती भुकेल्या पोरांची बाजू घेणाऱ्यांवर!

२९ जुलै. अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी २२ अब्ज पौंडांचे खिंडार सापडल्याची घोषणा केली आणि ते बुजविण्यासाठी त्यांचा हात सर्वांत आधी गेला तो म्हाताऱ्यांच्या हिवाळी इंधन भत्त्याकडे. वयोवृद्धांना थंडीच्या दिवसांत घर ऊबदार ठेवण्यासाठी वर्षाला २०० किंवा ३०० पौंड मिळत. खुद्द मजूर पक्षाच्याच सरकारने १९९७ साली ही योजना सुरू केली होती. आता अत्यंत गरिबीचा दाखला म्हणून पेन्शन-पूरक साहाय्य घेणाऱ्यांपुरता तो भत्ता उरला. एक कोटीहून अधिक वृद्धांना जे मिळत होते, ते सुमारे पंधरा लाखांवर आले. ज्यांना त्या पूरक साहाय्याचा हक्क आहे, पण जे अर्जांच्या जंजाळामुळे किंवा लाजेपायी ते मागतच नाहीत, अशी लाखो कुटुंबे होती, हे सरकारला ठाऊक होते. या निर्णयाने किमान पन्नास हजार वृद्ध दारिद्र्यात ढकलले जातील, असा अंदाज पुढे नोव्हेंबरात खुद्द सरकारनेच कबूल केला. हे सारे करून वाचणार किती? वर्षाला दीड अब्ज पौंडांच्या आसपास.

१० सप्टेंबर. या कपातीवर मतदान झाले. ३४८ विरुद्ध २२८ मतांनी सरकार जिंकले. मजूर पक्षाच्या पन्नासहून अधिक खासदारांचे मत नोंदलेच गेले नाही. त्यांतले काही गैरहजर होते, काही मान खाली घालून बसले. विरुद्ध मत देण्याचे धैर्य एकट्या जॉन ट्रिकेट यांनी दाखविले. तीनच आठवड्यांनी, १ ऑक्टोबरपासून, घरगुती गॅस-विजेच्या दरांची कमाल मर्यादा दहा टक्क्यांनी वाढली. लिव्हरपूल येथील पक्षाच्या वार्षिक परिषदेत युनाइट या कामगार संघटनेने कपात मागे घेण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूरही झाला. सरकारने त्याची दखल घेतली नाही. कामगारांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या पक्षात कामगार संघटनेच्या ठरावाची किंमत ही एवढी!

या यादीत बँका कोठे आहेत? जमीनदार कोठे आहेत? पाणीपुरवठ्याच्या खाजगी कंपन्या भागधारकांना लाभांश वाटून नद्यांत मैला सोडीत होत्या, त्या कोठे आहेत? रोग हाल्याला आणि औषध पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर रोग हाल्याला, औषध पखालीला आणि वैद्याचे बिल पाणक्याला, असा प्रकार झाला.

"तिजोरी रिकामी होती"

आता पहिल्या उत्तराचा समाचार घेऊ. तिजोरीची अवस्था वाईट होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण रिकाम्या तिजोरीचा नियम सर्वांना सारखा लागू झाला काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टार्मर यांनी जाहीर केले की, लष्करी खर्च २०२७ सालापर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्यात येईल. त्यासाठी पैसा कोठून आला? गरीब देशांना दिले जाणारे साहाय्य ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणून. मार्च २०२५ मध्ये अपंगांच्या साहाय्यात सुमारे पाच अब्ज पौंडांची कपात योजण्यात आली. तोफांसाठी तिजोरी उघडते आणि चाकाच्या खुर्चीसाठी ती बंद होते. तिजोरी रिकामी नव्हती. तिची किल्ली कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न होता.

याचा सर्वांत सबळ पुरावा सरकारनेच दिला. ९ जून २०२५ रोजी, मतपेटीतून तडाखा बसल्यानंतर, वार्षिक उत्पन्न ३५ हजार पौंडांपर्यंत असलेल्या सर्व वृद्धांना इंधन भत्ता परत देण्याचे त्याने जाहीर केले. सुमारे नव्वद लाख वृद्धांना तो पुन्हा मिळू लागला. जुलै २०२५ मध्ये शंभराहून अधिक खासदारांच्या बंडापुढे अपंगांवरील कपातीचा गाभाच सोडून द्यावा लागला. आणि २६ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात, ज्या मागणीसाठी सात खासदारांना शिक्षा झाली होती तीच मान्य करून, दोन मुलांची मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठविण्याची घोषणा झाली. मग जुलै २०२४ मध्ये जे "अशक्य" होते, ते पुढे शक्य कसे झाले? पैशाचे झाड उगवले नव्हते. लोकांचा रेटा वाढला होता. अर्थशास्त्राचा अटळ नियम म्हणून जे सांगितले जाते ते बहुधा राजकीय निर्णयच असतात आणि पुरेसा दाब आला की ते बदलतात, ही गोष्ट आपल्या प्रत्येक सभासदाने नोंदवून ठेवावी.

आणि इतिहासाचेच माप लावायचे, तर १९४५ सालचे लावा. महायुद्धाने ब्रिटनवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक कर्ज चढले होते. शहरे बेचिराख झाली होती, अन्न शिधापत्रिकेवर मिळत होते. त्या अवस्थेत ॲटली सरकारने १९४७ साली कोळसा खाणी आणि १९४८ साली रेल्वे समाजाच्या मालकीची केली आणि ५ जुलै १९४८ रोजी सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा उभी केली. ॲटली क्रांतिकारक नव्हते. साम्राज्याचे जोखड त्यांनी मलायात तसेच ठेवले होते. पण त्यांच्या पाठीशी संघटित आणि जागृत कामगारवर्ग होता आणि भांडवलदारवर्ग त्याला भीत होता. तिजोरी त्या वेळी अधिक रिकामी होती. वर्गशक्तींचा तोल निराळा होता.

"संवाद कमी पडला"

दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तराला फारसा वेळ देण्याचे कारण नाही. लोकांना सरकारचे म्हणणे कळले नाही, असे नव्हे, चांगलेच कळले. २७ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी आपल्या निवासस्थानाच्या बागेतून देशाला सांगितले की, परिस्थिती सुधारण्यापूर्वी अधिक बिघडेल आणि येणारा अर्थसंकल्प क्लेशदायक असेल. त्यानंतर थोड्याच दिवसांत लोकांना दुसरीही गोष्ट कळली. पंतप्रधानांचे कपडे आणि चष्मे लॉर्ड अल्ली या धनाढ्य देणगीदाराच्या पैशातून आले होते. २०१९ च्या अखेरीपासून स्टार्मर यांनी जाहीर केलेल्या भेटवस्तू आणि पाहुणचाराची किंमत एक लाख पौंडांच्या पुढे होती. ओरड झाली, तेव्हा पंतप्रधान झाल्यानंतर मिळालेल्या वस्तूंपैकी सहा हजारांहून अधिक पौंडांची भरपाई त्यांनी केली. ६ ऑक्टोबरला त्यांच्या कार्यालयाच्या प्रमुख स्यू ग्रे यांनी राजीनामा दिला. त्यांचा पगार पंतप्रधानांपेक्षाही अधिक असल्याच्या बातमीने त्याआधीच गदारोळ झाला होता.

नियमांच्या चौकटीत हे सारे बसत होते, असे समर्थन झाले. बसतही असेल. पण तीनशे पौंडांसाठी म्हातारीकडून गरिबीचा दाखला मागणारा माणूस स्वतः हजारोंचे चष्मे फुकट घेतो, हे चित्र समजण्यासाठी कोणत्याही संवादतज्ज्ञाची गरज नव्हती. चष्म्यांवरून एक जुनी गोष्ट आठवते. १९५१ साली कोरियाच्या युद्धाचा शस्त्रखर्च भागविण्यासाठी याच मजूर पक्षाच्या सरकारने मोफत आरोग्यसेवेतील चष्म्यांवर आणि दातांच्या कवळ्यांवर आकार बसविला होता. तिच्या शिल्पकाराने, अन्यूरिन बेव्हन यांनी, निषेधार्थ मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेव्हा चष्म्यावरून मंत्रिपद सोडणारा माणूस त्या पक्षात होता.

मग काहीच चांगले झाले नाही काय?

झाले, आणि ते सांगितलेच पाहिजे. प्रतिपक्षाच्या बाजूचे सत्य लपविणे हे आपल्या वृत्तपत्राचे काम नव्हे. सत्तेवर येताच सरकारने कनिष्ठ डॉक्टरांशी तडजोड केली आणि दोन वर्षांची मिळून सरासरी २२ टक्क्यांची वाढ त्यांना मिळाली. आगगाडीच्या चालकांचा दीर्घकाळ रखडलेला लढा मिटला. १० ऑक्टोबर २०२४ रोजी कामगार हक्कांचे विधेयक मांडण्यात आले; संपकाळातही किमान सेवा देण्याची सक्ती करणारा हुजूर सरकारचा काळा कायदा त्यात रद्दबातल ठरविला होता. किमान वेतन तासाला ११.४४ पौंडांवरून १२.२१ पौंडांवर नेण्याचा निर्णय झाला.

पण हे कोणाचे श्रेय? डॉक्टर मार्च २०२३ पासून पुनःपुन्हा संपावर उतरत होते. रेल्वे कामगारांनी दोन वर्षे झुंज दिली होती. जेथे कामगार संघटित होता आणि लढत होता, तेथे सरकार झुकले. जेथे माणूस एकटा होता, म्हणजे थंडीत कुडकुडणारा म्हातारा, तीन पोरांची आई, अंथरुणाला खिळलेला अपंग, तेथे त्याने सुरी चालविली. या सरकारच्या पहिल्या महिन्यांचा सारा अर्थ या भेदात आहे.

मालकांवर बसविलेल्या करालाही हेच लागू आहे. ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात मालकांचा राष्ट्रीय विमा हप्ता १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के झाला. वरवर पाहता हा भांडवलावर घाव. पण ज्या पगारापासून तो लागू होतो ती मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० पौंडांवर आणल्याने त्याचा भार स्वस्त आणि अर्धवेळ मजुरीवर अधिक पडला. याचा मोठा भाग अखेरीस पगारवाढीतूनच वळता होईल, हे सरकारच्या अर्थसंकल्पीय अंदाज-कार्यालयानेही बजावले. संपत्तीला हात न लावता रोजगारावर कर बसविला, की तो झिरपत झिरपत मजुराच्याच खिशापाशी येऊन पोचतो.

पोर्ट टॅलबोट आणि कलिंगनगर

या कहाणीचा एक धागा थेट मुंबईतल्या बॉम्बे हाउसपर्यंत येतो. वेल्समधील पोर्ट टॅलबोट येथील पोलाद कारखाना टाटा कंपनीच्या मालकीचा. तेथील शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे मजूर पक्षाच्या राजवटीच्या तिसऱ्या महिन्यात, विझविण्यात आली. अडीच हजारांच्या आसपास कामगारांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. त्या जागी विजेवर चालणारी नवी भट्टी उभारण्यासाठी ब्रिटिश तिजोरीतून ५० कोटी पौंड देण्याचा जो करार हुजूर सरकारने केला होता, तोच थोड्याफार सुधारणांसह स्टार्मर सरकारने कायम केला. तिजोरी रिकामी होती ना? नवी भट्टी सुरू होईपर्यंत मधली वर्षे कामगाराने काय खावे, याचे उत्तर कराराच्या मूळ हेतूत नव्हते.

त्याच्या दहाच दिवस आधी, २० सप्टेंबर २०२४ रोजी, त्याच कंपनीने ओडिशातील कलिंगनगर येथे आपली नवी, भारतातील सर्वांत मोठी झोतभट्टी सुरू केली होती. वेल्समधील उजवा प्रचारक कामगाराला सांगणार : बघ, हिंदुस्थानी लोकांनी तुझी रोजी पळविली. पण कलिंगनगर म्हणजे काय हे त्या कामगाराला कोण सांगणार? २ जानेवारी २००६ रोजी त्याच कारखान्याच्या भिंतीला विरोध करणारे आदिवासी तेथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. एकाची जमीन गेली आणि दुसऱ्याची नोकरी गेली. दोघांच्या हिशेबाची वही एकाच मालकाच्या दप्तरात आहे. ही वही दोघांसमोर उघडून ठेवण्याचे काम मजूर पक्ष कधीही करणार नाही. ते काम आपले आहे.

मजूर पक्षाची जुनी ओळख

आपल्या चळवळीला या पक्षाची ओळख नव्याने करून घ्यावी लागत नाही. मजूर पक्षाचे पहिले सरकार रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जानेवारी १९२४ मध्ये बनविले आणि त्याच सरकारच्या अमदानीत, मे १९२४ मध्ये, कानपूर कटाच्या खटल्यात डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्त यांना चार चार वर्षांची शिक्षा झाली. मार्च १९२९ मध्ये हुजूर सरकारने मीरत कटाचा खटला उभा करून देशभरातील कामगार पुढाऱ्यांना पकडले. मुंबईतले डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर आणि अधिकारी त्यांत होते. जूनमध्ये मॅक्डोनल्ड पुन्हा सत्तेवर आले. खटला मागे घेतला गेला काय? नाही. तो चालूच राहिला आणि शिक्षा ठोठावण्यात आल्या त्या जानेवारी १९३३ मध्ये.

याच मॅक्डोनल्ड यांच्यापुढे ऑगस्ट १९३१ मध्ये प्रश्न उभा राहिला : सावकारांचा विश्वास राखायचा, की बेकारांचा भत्ता? त्यांनी बेकारभत्त्यात दहा टक्के कपात सुचविली, मंत्रिमंडळ फुटले, आणि ते हुजूर पक्षाच्या मांडीला मांडी लावून "राष्ट्रीय सरकार"चे पंतप्रधान झाले. त्या वर्षीच्या निवडणुकीत मजूर पक्ष २८७ जागांवरून पन्नासच्या आसपास आला. १९३१ सालचा बेकारभत्ता आणि २०२४ सालचा इंधनभत्ता यांत त्र्याण्णव वर्षांचे अंतर आहे. सुधारणावादाची वाट मात्र तीच : बाजाराला आश्वस्त करण्यासाठी आधी आपल्याच माणसाच्या ताटातली भाकर उचलायची.

निराशा आपोआप डावीकडे वळत नाही

येथपर्यंतचे विवेचन वाचून आपल्यापैकी कोणी समाधानाने मान डोलावून "आम्ही म्हणतच होतो" असे म्हणेल, तर तो या लेखाचा उत्तरार्ध विसरतो आहे. सर्वांत गंभीर गोष्ट पुढेच आहे.

२९ जुलै २०२४ या एकाच दिवशी दोन घटना घडल्या. लंडनमध्ये इंधनभत्त्याच्या कपातीची घोषणा झाली आणि साउथपोर्ट येथे एका तरुणाने तीन लहान मुलींचा चाकूने बळी घेतला. मारेकरी मुसलमान निर्वासित असल्याची खोटी बातमी पसरविण्यात आली. दुसऱ्याच दिवशी साउथपोर्टच्या मशिदीवर हल्ला झाला. ४ ऑगस्टला रॉदरहॅम येथे आश्रयार्थी ज्या हॉटेलात राहत होते ते पेटविण्याचा प्रयत्न झाला. ७ ऑगस्टच्या रात्री वॉल्थमस्टो, ब्रायटन, ब्रिस्टल येथे हजारो सामान्य माणसे वंशवाद्यांना रोखण्यासाठी रस्त्यावर उतरली, हा ब्रिटिश जनतेचा मोठेपणा. सरकारने दंगलखोरांना तुरुंगात टाकले, हेही खरे. पण दंगलखोरांच्या विचाराशी लढण्याऐवजी ते त्याच्या मागे धावत सुटले. १२ मे २०२५ रोजी खुद्द स्टार्मर यांनी देश "परक्यांचे बेट" होण्याचा धोका बोलून दाखविला. पुढे त्या शब्दांबद्दल त्यांना खेद व्यक्त करावा लागला.

त्या भाषणाच्या अकराच दिवस आधी, १ मे २०२५ रोजी, कामगार दिनीच, स्थानिक निवडणुका झाल्या होत्या. निगेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने ६७७ जागा आणि दहा कौन्सिले जिंकली. रनकॉर्न येथील पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचे सुमारे १४ हजार ७०० चे मताधिक्य धुऊन निघाले आणि अवघ्या सहा मतांनी ती जागा रिफॉर्मकडे गेली. वीस लाख सह्यांच्या त्या अर्जालाही इलॉन मस्क या जगातील अतिश्रीमंताने हवा दिली होती. म्हाताऱ्यांचा भत्ता गेला, संताप आला आणि त्या संतापाची कमाई अब्जाधीशांच्या मित्रांनी खिशात घातली. कॉर्बिन पक्षाबाहेरून निवडून आले, ग्रीन पक्षाला २०२४ मध्ये चार जागा मिळाल्या, तेव्हा डावीकडे वाट नव्हती असे नाही. पण ती विखुरलेली होती आणि कारखान्यांत व वस्त्यांत तिची मुळे खोल नव्हती.

हा धडा आपल्याला अपरिचित नाही. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी गाडून जनता पक्ष सत्तेवर आला, तेव्हा या देशाने केवढ्या आशेने सुटकेचा श्वास घेतला होता! मे महिन्यात बिहारमधील बेलछी येथे भूमिहीनांना जिवंत जाळण्यात आले. डिसेंबरात कानपूरच्या स्वदेशी गिरणीत कामगारांवर गोळीबार झाला. मंत्री मात्र आपापसांतील खुर्च्यांच्या भांडणात मग्न होते. लोक निराश झाले. ती निराशा कोणीकडे वळली? जानेवारी १९८० मध्ये, ज्यांना तीन वर्षांपूर्वी घालवले होते, त्यांनाच मतदारांनी परत आणले. रिकामी जागा राजकारणात फार दिवस रिकामी राहत नाही. तिच्यात कोण शिरणार, हे आधीच्या तयारीवर ठरते.

आपण काय घ्यायचे?

कॉम्रेड्स, ब्रिटनमधील या घडामोडींतून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जातील. त्यांपासून सावध राहिले पाहिजे.

एक निष्कर्ष असा : सारे पक्ष सारखेच, मतदानाला अर्थ नाही. ही भूमिका कडवी वाटते, पण ती उजव्यांचेच काम सोपे करते. हुजूर आणि मजूर सारखेच असते, तर डॉक्टरांना वाढ मिळाली नसती आणि अपंगांवरील कपात बंडामुळे थांबली नसती. फरक असतो, तो दाबाने वाढविता येतो.

दुसरा निष्कर्ष असा : उजव्यांचा धोका मोठा आहे, म्हणून अशा सरकारवर टीका करू नका, त्याला सांभाळून घ्या. हे तर त्याहून घातक. उजव्यांना खतपाणी टीकेने मिळाले नाही, कपातीने मिळाले. सात खासदारांचे ऐकले असते तर सोळा लाख मुलांच्या आईबापांकडे जाऊन सांगण्यासारखे काहीतरी मजूर पक्षापाशी राहिले असते. मित्राला खड्ड्याकडे जाताना पाहून गप्प बसणे ही मैत्री नव्हे.

आपल्यापुढील काम याहून अवघड आणि कमी गाजावाजाचे आहे. आपण मुंबईत असू वा इंदूरमध्ये, नागपुरात वा हैदराबादेत, कोणतेही नवे सरकार आले की त्याच्या भाषणांवर नव्हे, तर पहिल्या शंभर दिवसांतील हिशेबावर बोट ठेवावे. कोणाचे अनुदान गेले? कोणाचा कर माफ झाला? कोणाच्या जमिनीवर कोणाची भिंत उभी राहिली? हा हिशेब घरोघर, चाळीचाळीत, गेटसभेत सांगावा. आणि केवळ सांगून थांबू नये. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांची, अंगणवाडीताईंची, कंत्राटी कामगारांची, म्हणजे जे एकेकटे आहेत आणि म्हणून ज्यांच्यावर सुरी पहिल्यांदा चालते, त्यांची संघटना बांधावी. संतापाला हात-पाय नसतात. ते संघटना देते.

ब्रिटनमध्ये म्हाताऱ्यांचा भत्ता परत आला तो कोणा नेत्याचे हृदय द्रवले म्हणून नव्हे. तो परत आणण्यास दहा महिन्यांहून अधिक काळ लागला आणि मधला एक हिवाळा लोकांनी थंड चुलीपाशी काढला. त्या हिवाळ्यात वस्तीवस्तीत लाल बावटा घेऊन पोचलेला कार्यकर्ता असता, तर रनकॉर्नची ती सहा मते कोणीकडे गेली असती, याचा विचार आपण आपल्या शाखेच्या पुढच्या बैठकीत करावा.